बांधावरची तालीम

माणसांवर विश्वास ठेवून फसलेले लोक गावोगाव सापडतील, पण सिनेमातल्या कुत्र्यांवर अढळ विश्वास ठेवणारा माणूस माझ्या थोरल्या मामांखेरीज अख्ख्या शहापूर तालुक्यात झाला नसेल. तरुणपणी किन्हवलीहून ते शहापूरला तंबूतला सिनेमा बघायला यायचे आणि तिकीट काढण्याआधी एकच चौकशी करायचे, "जनावर हाय का यात?" नुसते नायक-नायिका असतील तर आल्या पावली परत. पोरक्या पोराला पुरातून उचलणारा हत्ती, चोरांच्या मागावर जाणारा घोडा, मालक पडला की धावत जाऊन गाव गोळा करणारा कुत्रा, एवढंच त्यांना चाले. पुढे हेच सिनेमे नातवंडांच्या मोबाइलवर आले आणि मामा तोंडात टॉवेलचा बोळा कोंबून ओटीवर रडू लागले. मामींचा राग एवढाच, की सासरे वारले तेव्हा ह्या माणसाच्या डोळ्यात टिपूस नव्हता आणि पडद्यावरच्या माकडाला ताप आला तर ह्यांना घास उतरत नाही.

असल्या माणसाच्या दारात एक तांबडा गावठी कुत्रा आपण होऊन येऊन बसला, तेव्हाच त्या मुक्या जिवाचं नशीब फिरलं. मामांनी त्याला शिक्षण द्यायचं ठरवलं. भातखाचराच्या बांधावर मामा छाती धरून कोसळायचे, विव्हळत "पळ, म्हातारीला बोलाव" म्हणायचे आणि निपचित पडायचे. कुत्र्यानं भुंकत घर गाठावं अशी अपेक्षा. तो मामांचं तोंड हुंगायचा, एक गिरकी घ्यायचा आणि त्यांच्या बरगडीला पाठ लावून झोपायचा. मग मामा उठून, धोतराचा चिखल झटकत, त्याचं कुठे चुकलं ते त्याला नीट समजावून सांगायचे. एसटीतून उतरून घरी जाणारी माणसं बांधाशी थांबून "काय मामा, पास झाला का?" असं विचारायची. मामा डोळे न उघडता हातानं 'पुढे व्हा' अशी खूण करायचे, कारण बोललं की तालीम बिघडते. कुत्रा काही शिकला नाही. गाव मात्र शिकलं.

गेल्या वर्षी भातकापणीच्या दिवसांत मामा खरोखरच पडले. अर्धं अंग गेलं. सकाळपासून माणसं बांधावरून ये-जा करत होती. एकानं नेहमीचा प्रश्नही विचारला, हात हलला नाही तेव्हा मामा आता कामात फारच मुरले असं समजून तो हसत पुढे गेला. दुपार कलली तरी जेवायला आले नाहीत म्हणून शेवटी मामीच शोधायला निघाल्या. कुत्रा मामांना चिकटून पडला होता. शहापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, सकाळीच आणलं असतं तर हातपाय वाचले असते. त्यानंतर कितीतरी दिवस गावात कुणी कुणाच्या नजरेला नजर देत नव्हतं, आणि स्वतःवर राग काढता येत नाही म्हणून सगळ्यांनी तो कुत्र्यावर काढला.

मामींनी तर त्याला दोरी बांधून माझ्या हाती दिली आणि मुरबाडच्या बाजारात सोडून ये म्हणाल्या. "इतकी वर्सं शिकवलं, येक डाव भुंकला पन नाय मेला." मला स्वतःलाही त्या कुत्र्याचा संताप आला होता. खाटेवरून मामांनी बरा हात उचलला. तोंड वाकडं झालेलं, लाळ गळत होती, एकेक शब्द ओढून आणावा लागत होता. मामी पुसायला वाकल्या तेव्हा ते म्हणाले, "समदे निघून गेलं. त्यो मना येकट्याला टाकून... नाय गेला गो."

मामींनी माझ्या हातातली दोरी काढून घेतली आणि अंगणातच बसून बराच वेळ रडल्या.

शिमग्याच्या आधी मामा गेले. कुत्रा मामींपाशीच आहे आणि आता त्याला कुणी काही शिकवत नाही. असला एखादा जुना सिनेमा लागला की घरातली पोरं टाळ्या वाजवतात, कारण मालक पडलेला असतो आणि कुत्रा वाऱ्यासारखा गावाकडे सुटलेला असतो. सगळे त्या धावणाऱ्या कुत्र्याकडे बघत असतात. माझं लक्ष मात्र मागे राहिलेल्या माणसाकडे जातं. तो तिथे एकटाच पडलेला असतो.