माहीत नसणं

अनुजाने कॉम्प्युटरच्या पडद्याचा कोपरा तळहाताने घाईघाईने झाकला, दुधावर झाकण टाकावं तसा. पण उतू जायचं ते गेलंच होतं. ऑनलाइन गेमच्या चॅटमध्ये कुणा अनोळखी माणसाने गेममधल्या गोष्टीचा शेवट लिहून टाकला होता. माझी लेक आणि तिची मैत्रीण सायली तीन आठवडे हेडफोन लावून, एकमेकींशी बोलत ती गोष्ट खेळत होत्या. सायलीचं चॅट बंद होतं, म्हणून ती तेवढी सुटली.

"आई, हे छळात येतं का गं?" अनुजाने विचारलं. तक्रारीच्या यादीत शिवीगाळ, धमकी, छळ असे पर्याय होते आणि तिचं बोट माउसवर अडलं होतं.

शिवी नव्हती, धमकीही नव्हती. पण 'नको' म्हटल्यावरही तो मागे मागे येऊन तेच लिहीत राहिला. त्याने नेलं काय? फक्त तिचं माहीत नसणं. पण पुढचं ठाऊक नसतं म्हणून तर आपण निवांत जेवतो. माझ्या तपासणीच्या रिपोर्टचं पाकीट दोन दिवस कपाटात तसंच बंद आहे. ते उद्या कुणी न विचारता वाचून दाखवलं तर?

"बघू तरी," म्हणत मी चष्मा लावला आणि सवयीने मोठ्याने वाचलं, "तो नावाडीच फितूर आहे."

टेबलावर काढून ठेवलेल्या, पण चालूच असलेल्या हेडफोनमधून सायलीचा बारीक आवाज आला, "काकू... मला माहीत नव्हतं."

अनुजाने माझ्याकडे पाहिलं. तिचं बोट अजून माउसवरच होतं.