कौसाबाई आणि गरम पाण्याचा रकाना

कौसाबाईंची नि माझी पहिली भेट भांडणानेच झाली. मी न्हाणीघराच्या दारात फाइल घेऊन उभी होते आणि त्या बादलीत कोपरापर्यंत हात बुडवून बसल्या होत्या. शेजारी यमुना टॉवेल गुंडाळून कुडकुडत उभी. "किती वेळ लावता मावशी?" मी म्हणाले. त्यांनी मान वर न करताच सांगितलं, "तुमाला घाई असंल म्याडम. कातडं तिचं हाय."

कोल्हारपासून थोडं आत, उसाच्या फडांमध्ये, बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढ स्त्रियांचं निवासी गृह होतं. बावीस जणी राहायच्या. मी तिथे विशेष शिक्षिका म्हणून लागले होते. कौसाबाई मदतनीस. मूळच्या पाथर्डीकडच्या. वीस हंगाम ऊस तोडला, कंबर गेली, मग इथे आल्या. "तीन दगडांवर पानी तापवलंय मी जलमभर," त्या म्हणायच्या. "पानी कवा चावतं ते मला दुरून कळतं."

आमच्या गच्चीवर कुणा देणगीदाराने सोलर बसवून दिला होता. उन्हाळ्यात दुपारी त्याच्या नळातून वाफा यायच्या. प्लंबरने एका न्हाणीघरात गरम नळ डावीकडे काढला, दुसऱ्यात उजवीकडे. नळांवर लाल-निळी खूणसुद्धा नाही. कौसाबाईंनी दोनदा तक्रार केली. संस्थेचे सचिव हसून म्हणाले, "मावशी, फुकट मिळालेल्या गोष्टीला नावं ठेवू नयेत."

दरवर्षी नगरच्या सरकारी कार्यालयाला प्रत्येकीची माहिती पाठवावी लागे. त्यात एक रकाना होता: गरम पाण्याच्या धोक्याची जाणीव आहे का? होय किंवा नाही. सचिवांनी मला सांगितलं, "शक्यतो होय लिहा. फार 'नाही' आले तर मदतनीस बायका वाढवायला सांगतील." मी एकेकीला टेबलापाशी बोलावलं. "गरम पाण्याने काय होतं?" कुणी म्हणाली 'भाजतं', तिला होय. यमुना कशालाही मान डोलावते, तिने डोलावली; तिलाही होय. सुशीला बोलत नाही, नुसती बघत राहिली, तिला नाही. अर्ध्या तासात बावीस जणी संपल्या.

कौसाबाई दारात उभ्या राहून हे सगळं बघत होत्या. "हे काय चाललंय?" त्यांनी विचारलं. मी समजावून सांगितलं. त्यांचा चेहरा लाल झाला. "तोंडाला इचारून कळतंय व्हय? आंघूळ का तोंडानं करत्यात? हाताला इचारा की!" मी फाइल मिटली. मला वाटलं, अडाणी बाई, हिला नमुना अर्ज काय कळणार.

एप्रिलमध्ये गृहाचा वर्धापनदिन होता. पाहुणे चार वाजता येणार. सगळ्यांना पुन्हा आंघोळ घालून नव्या साड्या नेसवा, असा सचिवांचा हुकूम. स्वयंपाकघरात पुऱ्या लाटायला माणूस कमी पडलं म्हणून त्यांनी कौसाबाईंना न्हाणीघरातून उठवलं. "दुपारचं पानी हाय, मला हलवू नका," त्या म्हणाल्या. सचिव म्हणाले, "यमुनाला कळतं. कागदावर आहे तसं."

कागद माझा होता.

यमुनाने नळ उघडला आणि त्याच्याखाली बसून राहिली. ती ओरडली नाही. भाजल्यावर ओरडायचं, बाजूला व्हायचं, हे तिला कुणी कधी शिकवलंच नव्हतं. वाफ व्हरांड्यात आलेली पाहून कौसाबाई पिठाच्या हातांनी धावल्या. त्यांनी तिला बाहेर ओढलं, बोअर चालू करायला लावून त्या गार पाण्याची धार तिच्या पाठीवर धरली ती धरलीच. कुणीतरी टूथपेस्ट घेऊन आलं, त्याच्या हातावर त्यांनी फटका मारला. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, त्या धारेमुळे बरंच वाचलं. तरी यमुना अठरा दिवस पालथी झोपून होती. बाहेर मांडवात त्या संध्याकाळी सत्कार झाले, हार घातले गेले, भाषणं झाली. ते आठवलं की आजही माझ्या कानशिलात रक्त चढतं.

दुसऱ्या दिवशी सचिवांनी एक जबाब टाइप करून आणला. रहिवाशाने स्वतःहून नळ उघडला, मदतनीस जागेवर नव्हती. खाली कौसाबाईंचा अंगठा हवा होता.

"मी जागंवर नव्हते हे खरं हाय," त्या म्हणाल्या. "मला जागंवरून कुनी उठावलं ते बी लिवा. मंग देते अंगठा."

ते लिहिलं गेलं नाही, अंगठाही उमटला नाही. पण त्या एवढ्यावर थांबल्या नाहीत. सकाळी माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. "तुमची ती फाइल घ्या आन न्हानीत येऊन बसा. आता मी इचारते."

चार दिवस रोज सकाळी आम्ही तेच केलं. सोलरचा नळ बंद ठेवून त्या एका बादलीत गार पाणी घेत, दुसरीत कोमट, अजिबात न चावणारं. मग एकेकीला आत घेत आणि गप्प बसत. कोणती बादली आधी ओढते? अंगावर घेण्याआधी हात लावून बघते का? नको असलं तर मागे सरते का, हाक मारते का? मी लिहीत गेले. माझ्या चौदा 'होय'पैकी नऊ खोटे निघाले. 'भाजतं' असं स्पष्ट सांगणारी एक जण तांब्या भरून सरळ डोक्यावर ओतत होती.

मग सुशीला आली. तिने आधी गार पाणी घेतलं. मग थोडं कोमट मिसळलं, हाताची मागची बाजू लावून पाहिली, पुन्हा गार घातलं. मग आम्हा दोघींना हाताने बाहेर ढकललं आणि दार लोटून घेतलं.

कौसाबाई पायरीवर बसल्या. मला वाटलं, आनंद झाला असेल. पण त्या चिडल्या होत्या. "अकरा वर्सं झाली तिला हितं येऊन. अकरा वर्सं त्या बाईला दुसऱ्यानं उघडी करून न्हाऊ घातली. मी बी घातली. कुनी इचारलं का तिला?"

मी नवी यादी आणि खरी हकीकत नगरला पाठवली. अधिकारी आले, तपासणी झाली. ठरावीक गरमीच्या पुढे पाणी येऊ न देणारा व्हॉल्व्ह बसला, नळांना रंग लागले. व्हॉल्व्हला नारळ फोडला, भिंतीवर देणगीदाराच्या नावाची पाटी लागली. आणि त्याच महिन्यात कौसाबाईंना घरी पाठवलं. "आता व्हॉल्व्ह आहे, मग इतक्या बायका कशाला?" सचिव म्हणाले. तक्रार माझ्या सहीची होती; मला हात लावायची त्यांची हिंमत नव्हती. मी कौसाबाईंसाठी भांडायला हवं होतं. मी एकदा बोलले आणि गप्प बसले.

वर्षभराने मी त्यांच्या गावी गेले. त्या अंगणात तुरी पाखडत होत्या. एकेकीचं नाव घेऊन त्यांनी चौकशी केली. यमुनाचे व्रण बरेच फिके झालेत, मी सांगितलं. "आन सुशी? एकलीच न्हाते नव्हं?"

मी चाचरले. नवी बाई घाईत असते, चौघींना एकदम आत घेते. न्हाणीघराची कडीही काढून टाकली आहे.

त्यांनी सूप खाली ठेवलं. "आन तुमी काय करता तिथं?"

त्यांनी चहाचंही विचारलं नाही. "चारची यष्टी हाय. उद्याच्या आंघुळीच्या आत पोचा."

मी पोचले. सकाळी सुशीलाला एकटीला आत पाठवून दाराशी उभी राहिले. सचिव ओरडत आले, मी म्हणाले, "आत बाई आंघोळ करते आहे, तुम्ही मागे व्हा." आठवडाभर रोज उभी राहिले. शेवटी सुतार येऊन नवी कडी लावून गेला, अडचण आली तर बाहेरूनही उघडता येईल अशी.

त्या दिवाळीनंतर कौसाबाई गेल्या. कडी लागली त्या सकाळी मी त्यांना फोन केला होता, तेच आमचं शेवटचं बोलणं.

"कडी लावली मावशी."

"कुनी?"

"सुशीलाने. आतून."

त्या खेकसल्या, "मंग फोनवर काय बोलत बसलाय? गप ऱ्हावा. निवांत न्हाऊ द्या तिला."