कोऱ्या चहातला पांढरा थेंब

मोठीआईच्या घरात दूध संपलं की चहाही संपायचा. म्हैस आटली असताना पाहुणा आलाच, तर ती त्याला गुळाचं पाणी द्यायची, उन्हाळ्यात ताडगोळे सोलून पुढे ठेवायची. पण कोरा चहा कधीच नाही. कुणी म्हणालंच, "चालेल गो, कोराच टाक," तर ती चुलीपासून उठायची. "कोरा चहा माणूस गेल्यावर करतात. उगाच कशाला बोलवायचं?" कुणाला बोलवायचं, हे आम्ही विचारत नसू.

ती माझ्या थोरल्या काकांची, म्हणजे मोठेबाबांची बायको. तलासरीच्या पूर्वेला, डोंगराच्या अंगाला आमचं गाव. भात आणि नागलीची शेती. माझी आई लवकर गेली, मला मोठीआईनंच वाढवलं. मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारी कोरा चहा करून आणतात, ही आमच्याकडची रीत. पण आजूबाजूच्या पाड्यांवर लोक एरवीही कोराच पितात, आणि हे तिला ठाऊक होतं. तिचं कारण वेगळं होतं. लहान असताना ती मोहाची फुलं वेचून दमून घरी आली, तेव्हा कुणीतरी काही न बोलता तिच्या हातात कोऱ्या चहाची वाटी ठेवली. तहान लागली होती, ती घटाघटा प्यायली. वाटी खाली ठेवल्यावर तिला सांगण्यात आलं की भाऊ गेला.

तिचा दुसरा हट्ट असा, की दुसऱ्याच्या घरी पुढ्यात आलेलं परत पाठवायचं नाही. आशागडला एका साखरपुड्यात गडबडीत शिऱ्यात साखरेऐवजी मीठ पडलं होतं. मी पहिल्या घासाला थांबले. तिनं मात्र बशी पुसून खाल्ली, मग यजमानीणबाईंना परसात नेऊन हळूच सांगितलं, "पुढच्या पंगतीला वाढू नका." घरी येताना मी हसायला लागले तेव्हा म्हणाली, "हसतेस काय? बशी परत गेली असती तर त्या पोरीच्या आईचं तोंड केवढंसं झालं असतं."

हे दोन्ही हट्ट एकमेकांसमोर उभे राहिले ते मोठेबाबांच्या ऑपरेशनच्या दिवशी.

त्यांचं आतडं फुटलं होतं. डहाणू रोडला स्टेशनजवळच्या दवाखान्यात नेलं, तेव्हा डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं की उशीर झालाय, आता काही खात्री देता येणार नाही. आत एकालाच थांबू देत होते, म्हणून दादा, म्हणजे तिचा मुलगा, तिथे थांबला. मी मोठीआईला घेऊन जवळच राहणाऱ्या शिरीनताईंकडे गेले. मी ज्या वाचनालयात काम करते तिथेच त्याही होत्या. इराणी घर, मागे चिकूची वाडी, आणि माणूस असं की दार उघडायच्या आधी "या" म्हणणारं.

मोठीआई खुर्चीवर न बसता जमिनीवर बसली, भिंतीला पाठ लावून. माझ्या हातातल्या फोनकडे बघत होती. फोन वाजला तसा मी तो घेऊन आतल्या खोलीत गेले. दादा म्हणाला, "अजून आतच आहेत. रक्त आणायला सांगितलंय. आईला सांगू नको." मी बाहेर आले ती गप्पच. आणि त्याच वेळी स्वयंपाकघरातून शिरीनताई ट्रे घेऊन आल्या. काचेच्या तीन कपांत तांबूस काळा चहा होता.

मोठीआईनं कप पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं. डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि डाव्या हातातल्या बांगड्यांवर उजवा हात ठेवला.

"कधी गेले, तेवढंच सांग."

शिरीनताईंना काहीच उमगलं नव्हतं. "कोण गेला? मावशी, कोणी नाय गेला!"

"मग कोरा कशाला आणला?"

"अरे देवा! हा तसा नाय मावशी. मुलीने पाठवलाय, फळाचा चहा. याच्यात दूध टाकतच नाय." त्या धावत जाऊन डबा घेऊन आल्या. त्यावर लव असलेल्या पिवळ्या-तांबड्या फळाचं चित्र होतं. आमच्या बाजारात मी ते कधी पाहिलं नव्हतं.

मोठीआईनं चित्राकडे पाहिलंच नाही. "बाय, माझ्यासमोर फोन लाव." मी लावला, आवाज मोठा केला. "आतच आहेत गो अजून," दादाचा आवाज आला. तेव्हा कुठे तिचा हात बांगड्यांवरून खाली आला.

शिरीनताईंचे डोळे भरले होते. "माफ करा मावशी, मला ठाऊक नव्हतं. नेते मी हे." त्या ट्रे उचलणार, एवढ्यात मोठीआईनं त्यांचं मनगट धरलं.

"ठेवा. पुढ्यात आलंय." मग जरा थांबून म्हणाली, "घरात दूध आहे?"

"आहे, पण याच्यात फळाचा आंबट असतो. फाटेल."

"फाटू दे. पांढरा थेंब पडला पाहिजे."

वाटीतून दूध आलं. तिनं स्वतःच्या हातानं थेंब टाकला. पाहता पाहता कपात कण-कण धरले, चहा गढूळ झाला. मी माझा कप तोंडाला लावला. आधी वास आला, पिकलेल्या, उन्हात ठेवलेल्या कसल्याशा फळाचा. जिभेवर मात्र फळ नव्हतंच, किंचित आंबट आणि मागाहून तुरट. वास एक सांगत होता, चव दुसरंच. पुढचा घोट मला घेववेना. समोर मोठीआई तो फाटका चहा डोळे मिटून पीत होती, औषध प्यावं तसा, तळाच्या कणांसकट. कप पालथा करून पाहिला आणि म्हणाली, "बाई, वास छान आहे. चहाचं काय ते तुम्ही बघा." शिरीनताई रडता रडता हसल्या.

ऊन चिकूच्या झाडांमागे उतरलं तेव्हा दादाचा फोन आला. मोठेबाबांना बाहेर आणलं होतं. शुद्धीवर येत होते.

त्यानंतर वर्षानुवर्षं तिनं हे त्यांना ऐकवलं. जेवताना ते पानात काही टाकायला लागले की, "खा गुपचूप. तुमच्यासाठी मी फाटका चहा प्यायले." ते म्हणायचे, "कुणी सांगितलं होतं?" आणि पान स्वच्छ करायचे.

यंदा भात झोडून झालं आणि ती गेली. सकाळी अंगण झाडलं, दुपारी आडवी झाली, ती उठली नाही. सगळे स्मशानातून परतले तेव्हा शेजारच्या घरून पातेलंभर कोरा चहा आला. मोठेबाबा ओटीवर बसले होते. मी त्यांच्यापुढे कप ठेवला. त्यांनी कपात पाहिलं.

"बाय, घरात दूध आहे?"

ओटीवरची माणसं चपापली. सुतकाच्या चहात दूध कुणी मागत नाही. मी आत गेले. सकाळी तिनंच तापवून ठेवलेलं दूध होतं. वाटीत थोडं आणलं. त्यांनी थेंब टाकला आणि वाकून पाहू लागले. साधी चहापूड, साधं पाणी. थेंब पसरला, विरला, चहा जरा फिकट झाला.

"तिचा फाटला होता ना?"

"हो."

"हा नाय फाटत," ते म्हणाले.

मी कप उचलायला हात पुढे केला. त्यांनी माझा हात बाजूला सारला, पुढ्यात आलेला तो कप दोन्ही हातांत धरला आणि तळापर्यंत प्यायले.