धाकटीचा कॅरम आणि आमचा पट

कॅरम हा खेळ मला आवडत नाही. टिचकी मारून लाकडाच्या चकत्या भोकात घालायच्या, यात एवढं खिदळण्यासारखं काय आहे ते मला तेव्हाही कळलं नाही आणि आता केस पांढरे झाले तरी कळत नाही. वर ती पावडर. साडीला, उशीला, पोळपाटाला, हात लावाल तिथे पांढरी भुकटी. आमच्या घरात कॅरम आला तो धाकट्या जावेच्या रुखवतातून. दुष्काळातलं लग्न, त्यामुळे सगळंच बेताचं होतं. इतर मुलींच्या रुखवतात मण्यांचे मोर आणि विणलेले रुमाल असतात, हिच्या रुखवतात मधोमध हा चौकोनी बोर्ड भिंतीला टेकून उभा, त्याला हळदकुंकू लावलेलं. आमच्या सासूबाईंनी तो मांडवातच उलटसुलट करून पाहिला आणि भोकातून बोटं घालून जाळी चाचपली. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणत असू. पारनेरच्या त्या घरात मी थोरली सून म्हणून आले त्याला तेव्हा सहा वर्षं झाली होती. घर वाईट नव्हतं. आमचे हे शाळेत मास्तर, मामंजींची शेती, खाऊनपिऊन ठीक. पण त्या घरात कोणी कोणाशी बोलत नसे. पाणी तापलं का, भाकरी टाक, गाईला वैरण घातली का, एवढंच. आत्याबाईही सकाळभर एवढंच बोलत. मात्र दुपारची जेवणं झाली, पुरुष माणसं बाहेर पडली, माझी मुलगी निजली, की त्या खुंटीवरचा पट काढत आणि ओसरीत अंथरत. मग मला हाक येई, "थोरले, आटप."

हा पट त्यांनी स्वतः जुन्या खणांचे तुकडे जोडून शिवलेला होता. फुलीसारखा आकार, त्यावर घरं. कवड्या टाकायच्या, जेवढं दान पडेल तेवढी घरं आपली सोंगटी पुढे न्यायची आणि वाटेत समोरच्याची सोंगटी सापडली तर ती मारायची. मेलेल्या सोंगटीने पुन्हा पहिल्यापासून निघायचं. पटाबद्दल माझं मत विचाराल तर जगात याच्यासारखा खेळ नाही. एकतर तो सावकाश चालतो. कवड्या खुळखुळवताना बोलता येतं, सोंगटी सरकवताना बोलता येतं, दान चांगलं पडलं नाही तर जास्तच बोलता येतं. आत्याबाई तिथे बोलत. आपल्या माहेरचं, बहिणीचं, लग्नानंतर त्या एकदा पायी माहेरी निघून गेल्या होत्या त्याचं. एकेक गोष्ट चार-चार दुपारी चाले. पट गुंडाळला की त्या पुन्हा सासू होत. त्या घरात माझ्या वाट्याला आलेलं माणूस एवढंच, दुपारपुरतं.

हे टिकावं म्हणून मी काय करत होते तेही सांगते. लग्नात निघताना आईने कानात सांगितलं होतं की सासूशी जिंकायचं नाही, बोलण्यातही नाही आणि खेळण्यातही नाही. आम्ही जामखेडकडची माणसं, सांगितलेलं ऐकतो. सहा वर्षांत मी आत्याबाईंची एकही सोंगटी मारली नाही. समोर आयती येऊन बसलेली सोंगटी न मारणं सोपं नसतं. कधी घरं मोजताना चुकल्यासारखं करायचं, कधी मुलगी रडली म्हणून उठायचं आणि परत येऊन भलतीच सोंगटी पुढे करायची. शेवटी हरायचं, आणि हरल्यावर थोडं हळहळायचंही. मला त्या कौशल्याचा अभिमान होता.

आणि मग श्रीरामपूरची ही बया आली. मॅट्रिक झालेली, रेल्वे बघितलेली, पाटाच्या पाण्यावर वाढलेली. तिच्या गावात उसाला पाणी होतं आणि आमच्याकडे आडात पोहरा खडखडत होता. शेतं उघडी पडलेली, निंदणी नाही, खुरपणी नाही. गावातल्या बायका रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात होत्या. मास्तरांच्या घरातल्या म्हणून आम्हाला कोणी ते सुचवलं नाही. रेशनवरच्या मिलो ज्वारीच्या लाल भाकऱ्या थापून झाल्या की दिवसभर काही काम उरत नसे. मग काय, नुसते खेळ.

आल्यापासून चौथ्या-पाचव्या दिवशी तिने ओसरीत कॅरम मांडला. आत्याबाई म्हणाल्या, बघू तरी काय हाय ते. बघता बघता त्यांनी पदर खोचला आणि बसल्या. धाकटीने त्यांना हरवलं. सरळ, उघड, लाज न बाळगता हरवलं, वर राणी घेतल्यावर टाळी वाजवली. मी दारात उभी राहून वाट बघत होते की आता आत्याबाई हिला हिची जागा दाखवतील. आत्याबाई मांडीवर थाप मारून म्हणाल्या, "काय सटवी हाय ही! मांड पुन्यांदा."

सहा वर्षांत त्या मला एकदाही सटवी म्हणाल्या नव्हत्या.

मत्सर वगैरे पुस्तकी शब्द वापरता येतील, पण मी जळत होते. खुंटीवरचा पट तसाच राही, कधी निघालाच तर त्याच्यासमोर आत्याबाई आणि धाकटी. ही त्यांच्या सोंगट्या धडाधड मारायची. त्या तिला भवानी म्हणायच्या, सटवी म्हणायच्या, आणि हसायच्या. त्यांना एवढे दात आहेत हे मला तेव्हा कळलं. मी चहा करायची. धाकटीच्या चहात साखर टाकताना माझा हात आखडायचा. श्रीरामपूरच्या बाईला साखरेचं काय कौतुक, अशी मी मनाची समजूत घालत असे.

त्या वर्षभरात तिने आणखी बरेच खेळ घरात आणले आणि मला सगळ्यांत भाग घ्यावा लागला, कारण नाही म्हटलं असतं तर त्या दोघींचीच मैफल झाली असती. सापशिडी हा खेळच नव्हे. फासा सांगेल तिकडे मुकाट्याने जायचं, ते मी घरात एरवीही करत होते. व्यापार म्हणून एक खेळ तिचा भाऊ देऊन गेला, त्यात शहरंच्या शहरं विकत घ्यायची आणि अडचण आली की विकायची. तो आत्याबाईंनी पहिल्याच दिवशी बंद केला. जागाजमीन विकायचा खेळ घरात नको म्हणाल्या, आणि त्या वर्षी ते बरोबरच होतं. एवढ्या एका बाबतीत धाकटीचं तोंड पडलेलं मी पाहिलं आणि त्या रात्री मला चांगली झोप लागली.

पत्त्यांत पाच-तीन-दोन आला. तिघींचा खेळ, म्हणून मला वाटलं आता तरी मला धरूनच खेळावं लागेल. यात ज्याचे हात कमी होतात त्याची पानं पुढच्या डावात दुसरे ओढून घेतात. आत्याबाई ओढायच्या ती धाकटीचीच, अगदी हुकमाचा एक्का शोधून शोधून. माझे हात कमी पडले तर म्हणायच्या, ऱ्हाऊ दे तिचं. माझ्याकडे घेण्यासारखं काही नाही असंच त्यांना वाटत असणार, असं मला वाटे. पाच-तीन-दोनबद्दल माझं मत चांगलं नाही.

या सगळ्यांत आवडला तो एकच, बॅगाटेल. खिळे ठोकलेली फळी, दांडी मागे ओढून सोडली की गोटी खिळ्यांवर आपटत जाते आणि कुठल्या तरी कप्प्यात पडते. याला भिडू लागत नाही. ओसरीत हसणं चाललं की मी ती फळी घेऊन स्वयंपाकघरात बसायची आणि गोटीला खिळ्यांवर आपटू द्यायची. ज्याला कोणावर तरी चिडायचं आहे आणि चिडता येत नाही, त्याने हा खेळ अवश्य खेळावा.

पंचमीला धाकटी माहेरी गेली. तिचा भाऊ तिला न्यायला आला, एस.टी. दिसेनाशी झाली, आणि मी घाईघाईने भांडी घासून टाकली. कोणी हाक मारायच्या आत मीच पट काढला, झटकला, अंथरला. आत्याबाई बसल्या. चार दानं टाकली असतील, त्यांनी जांभई दिली. आणखी दोन दानं, आणि म्हणाल्या, ऱ्हाऊ दे आता, जरा पडते.

मग मात्र मला राहवलं नाही. मी म्हणाले, "आत्याबाई, धाकटीसंगं तुमाला झोप येत न्हाई. माझ्यासंगंच कशी येती?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावतील असं वाटलं, पण त्या रागावल्या नाहीत.

"तुझ्यासंगं लई जपावं लागतंय," त्या म्हणाल्या. "तू आली तवा रातध्याड रडायची. म्हनलं, हिची सोंगटी मारली तर आनिक रडंल. म्हनून न्हाई मारली. मग तीच सवय लागली." कवड्या त्यांनी मुठीतच धरल्या होत्या. "अन् तू बी मला मारीत न्हवती. मला काय दिसत न्हाई व्हय? सहा वर्सं दोघी एकमेकीला जपतोय. याला काय खेळ म्हनत्यात?"

हे ऐकून एखाद्या भल्या बाईला भरून आलं असतं. मला भरून वगैरे आलं नाही. धाकटी रडत आली नव्हती, म्हणून तिला मार मिळत होता, शिव्या मिळत होत्या, हसू मिळत होतं, आणि मला मिळत होती ती कीव. मला त्यातलं सगळं हवं होतं. मी म्हणाले, टाका कवड्या. आवाज जरा चढलाच असेल.

त्यांची एक सोंगटी सबंध पट फिरून घरात शिरायच्या बेतात होती. मला पाच हवे होते आणि पाचच पडले. मी मोजलं, चुकल्यासारखं केलं नाही, आणि ती सोंगटी उचलून त्यांच्या तळहातावर ठेवली. आत्याबाईंनी ती सोंगटी पुन्हा पहिल्या घराशी ठेवली. मग त्यांनी पदर खोचला. त्यानंतरच्या दानांत त्यांनी माझ्या दोन सोंगट्या मारल्या, मी त्यांची आणखी एक मारली, त्यांनी माझ्या आईचा उद्धार केला. मामंजी शेतावरून आले तेव्हा चूल पेटलेली नव्हती. मी हरले, पण मला हरवण्यासाठी त्यांना घाम फुटला होता. पट गुंडाळताना त्या म्हणाल्या, "सटवे, उद्या बघते तुला." माझे पाय जमिनीवर नव्हते.

धाकटी परत आली तरी माझी जागा गेली नाही. एक दुपार माझी, एक तिची, असं आपोआपच ठरलं. पटावर मी आता कोणाची गय करत नव्हते. असंच बरेच दिवस चाललं, आणि मग माझ्या लक्षात आलं की आत्याबाई बोलत नाहीत. टाक, मर, सटवे, एवढंच. बहिणीची गोष्ट अर्धी राहिली होती. एकदा मी आठवण केली, तर म्हणाल्या, गप, मोजू दे मला. ती गोष्ट पुढे कधीच पुरी झाली नाही.

त्याच सुमारास एका सकाळी मी आणि धाकटी मिलो निवडत बसलो होतो. आत्याबाई शेजारी गेल्या होत्या. धाकटी खडे काढत होती. मग सुपात बघतच म्हणाली, "ताई, तुमच्याशी खेळताना आत्याबाई त्यांच्या माहेरच्या गोष्टी सांगायच्या ना? ह्यांनी मला सांगितलं."

मी हो म्हणाले.

"मला शिव्यांशिवाय काही सांगत नाहीत," ती म्हणाली. "रोज वाटतं, आज काहीतरी बोलतील. मुद्दाम हरूनसुद्धा पाहिलं मी. एखादी तरी सांगा ना."

तिचे डोळे भरले होते. मला ते बघून बरं वाटलं, फार बरं वाटलं. त्या पायी माहेरी गेल्याची गोष्ट अगदी तोंडाशी आली होती. मी म्हणाले, काही नाही गं, आपलं इकडचं तिकडचं. आणि सूप माझ्याकडे ओढून घेतलं.

आत्याबाईंना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. धाकटी आणि मी एकमेकींच्या दुखण्याखुपण्याला धावतो, वाकडं काही नाही. पण ती अजून मधूनच विचारते, त्या काय सांगायच्या हो ताई. मी हे लिहायला घेतलं तेव्हा त्या गोष्टीही लिहाव्यात असं मनात होतं. मग आठवलं, मी लिहिलेलं सगळं ती वाचते. म्हणून इथेही लिहिल्या नाहीत.