सरका ना मास्तर, माणसं दिसू द्या

डायरेक्टरच्या खांद्यावर कॅमेरा चढला की समोरचा माणूस आपोआप पोट आत घ्यायचा. माणूसच कशाला, सेक्टर पंधराच्या बाजारात एका गायीने पोट आत घेतलेलं मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. कॅमेराही तसाच होता, मेहुण्याने कुवेतहून आणलेला, बाळसेदार पोराएवढा. चंदीगडातल्या अख्ख्या मराठी मंडळींत तो एकच व्हिडिओ कॅमेरा, आणि त्याच्यामागे हा ताडमाड अमरावतीकर. पेशाने तो इस्पितळात भूल द्यायचा. पण त्याला डॉक्टर म्हणून फक्त पेशंट हाक मारत, तीही शुद्ध जाईपर्यंत. बाकी सगळ्यांचा तो डायरेक्टर.

मी त्याच्यावर जळत असे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याला पुढे शोधत बसायला नको. मी विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवायचो, त्यामुळे जळण्याचे सगळे प्रकार मला माहीत होते. मंद आचेवर वर्षानुवर्षं जळण्याचा प्रकार मात्र पुस्तकात नव्हता, तो मी डायरेक्टरकडून शिकलो. कारण आमच्या मराठी मंडळाचं अध्यक्षपद. गणपतीच्या आधी एका रविवारी सकाळी सभा भरायची, हात वर करून मतदान व्हायचं. दर वर्षी मी उभा राहायचो आणि दर वर्षी तो निवडून यायचा.

यात त्याची एक पद्धत होती. निवडणुकीच्या आदल्या रविवारी तो कुणाच्या तरी दिवाणखान्यात गेल्या वर्षीच्या गणपतीची फिल्म लावायचा. हवाई दलातल्या अधिकाऱ्यांच्या बायका, संशोधन करणारी पोरं, इस्पितळातले डॉक्टर, सगळे सतरंजीवर दाटीवाटीने बसायचे. "अगं बाई, ही माझी हरवलेली साडी," असं एकीने म्हणावं, "अंकल, रिवाइंड करो ना, मैं निकल गया," असं एखाद्या पोराने ओरडावं. आरतीच्या वेळी झोपलेले कर्नलसाहेब दिसले की कर्नलसाहेबच सगळ्यांत जास्त हसायचे. पुढच्या रविवारी हे सगळे हात डायरेक्टरच्या नावाने वर जायचे. मी याला भर सभेत प्रचारपट म्हणालो होतो. त्यावर तो म्हणाला, "हाव ना मास्तर. पण माझ्या प्रचारपटात मी कुठी दिसून राहिलो, दाखवा बरं." आणि खरंच, तो कुठेच नसायचा. कॅमेरा दुसऱ्याच्या हातात द्यायला तो तयारच नव्हता.

ते दिवस फार वाईट होते, पंजाब पेटलेला होता. चौकाचौकांत वाळूची पोती, त्यांच्यामागे बंदुका, आणि संध्याकाळ झाली की रस्ते धुतल्यासारखे रिकामे. एकदा आम्ही दोघं मोहालीच्या बाजूने येत होतो, तेव्हा नाक्यावरच्या जवानांना डायरेक्टरच्या खांद्यावरचं ते धूड तोफेसारखं दिसलं असावं. त्यांनी त्याला जमिनीवर बसवलं, मला स्कूटरवरून उतरवलं, माझा डबा उघडला, पोळ्या एकेक करून झटकल्या. मी घामाघूम. वळून बघतो तर तेच जवान रांगेत उभे, टोप्या नीट करतायत, आणि हा सांगतोय, "मुच्छडजी, थोडा हस के. घर भेजना है ना?" जाताना त्याला चहा मिळाला. मला झटकलेल्या पोळ्या.

मग लोकसभेची निवडणूक आली. व्हिडिओ लावलेल्या गाड्या सेक्टरांतून फिरू लागल्या, पुढाऱ्यांची भाषणं मैदानात पडद्यावर दिसू लागली, आणि मतदानाच्या तोंडावर सेक्टर सतराच्या थिएटरात एक राजकीय सिनेमा लागला. प्रामाणिक हिरो, लबाड मंत्री, आणि मध्यंतरापर्यंत आंधळ्यालाही कळावं की कोणत्या पक्षाला मत द्यायचं आहे. संध्याकाळचे खेळ बंद होते म्हणून आम्ही दोघं दुपारी गेलो. मी सिनेमा पाहिला. हा पठ्ठ्या पूर्ण वेळ पडद्याकडे पाठ करून, खुर्चीत उलटा बसून प्रेक्षक पाहत होता.

"हा सिनेमा हजारो मतं फिरवणार," मी बाहेर येताना म्हणालो.

"एकही नाही फिरवणार. ज्यानं टाळ्या वाजवल्या तो आधीच त्यांचा होता."

"मग एवढा खर्च करून काढतात कशाला?"

"त्याले खुर्चीतून उठवाले, मास्तर. मन बनलेलं असते त्याचं, पाय बनलेले नसतात. सिनेमा पायावर काम करते."

निकाल लागला तेव्हा आपलंच खरं ठरलं असं आम्ही दोघांनीही जाहीर केलं. त्यामुळे कोण जिंकलं ते आता आठवत नाही.

पण माझ्या डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. फिल्मनेच हा माणूस निवडून येतो, तर आपलीही फिल्म हवी. सेक्टर बावीसमधला पम्मी लग्नाचं शूटिंग करायचा, त्याला मी गाठलं. त्याने मला गुलाबबागेत चालवलं, तलावाच्या काठी विचार करायला लावलं, प्रयोगशाळेत परीक्षानळी उजेडात धरायला लावली. "प्रोफेसर साब, फिक्र ना करो, इफेक्ट अपनी तरफ से डालूंगा," असं त्याने वचन दिलं आणि ते पाळलं. मंडळासमोर फिल्म लावली तेव्हा बदामाच्या आकारातून माझा चेहरा गोल गोल फिरत आला, त्याच्यावर पाकळ्या पडल्या, मागे सनई वाजली आणि शेवटी सोनेरी अक्षरांत 'शुभविवाह' उमटलं. हवाई दलाच्या बायका सतरंजीवर आडव्या झाल्या. त्या हसण्याने कसौलीच्या डोंगरावरचा बर्फ घसरला असं नंतर कुणीतरी सांगितलं, आणि कसौलीला तेव्हा बर्फ नव्हता तरी मला ते पटलं.

घरी येताना बायकोने, आमच्या कुसुमने, निकाल सांगितला. "तुमच्या फिल्ममध्ये सुरुवातीपासून शेवटपर्यंत तुम्हीच. ते मी रोज फुकट बघते."

पुढचं वर्ष सगळ्यांत कठीण गेलं. पेपर उघडायची भीती वाटायची. ओळखीची दोन-तीन कुटुंबं पुण्याला परत गेली, काहींनी पोरांना शाळेशिवाय बाहेर सोडणं बंद केलं. त्यातच डायरेक्टरने कळवलं की वडील एकटे आहेत, दसऱ्यानंतर तो कायमचा अमरावतीला चालला आहे, या वर्षी उभा राहणार नाही. म्हणजे मैदानात मी एकटा. माझ्यासारख्याला देवाने यापेक्षा काय द्यावं? पण मंडळाचा नियम असा की निम्मी कुटुंबं सभेला आली नाहीत तर सभा रद्द, आणि सभा रद्द तर गणपती रद्द. मी फोन करून पाहिले. प्रत्येक जण म्हणायचा, "बाकीचे येत असतील तर बघू."

मी डायरेक्टरकडे जाऊन बसलो. चेहरा असा केला की काळजी गणपतीची दिसावी. त्याने दोन्ही काळज्या ओळखल्या. "स्कूटर काढा," म्हणाला.

आठवडाभर दिवसाउजेडी आम्ही सेक्टर पालथे घातले. पुढे मी, मागे तो, मध्ये कॅमेरा. पहिल्या घरी कर्नलसाहेबांना त्याने दारात उभं करून विचारलं, "येता ना गणपतीले?" कॅमेऱ्यासमोर फौजी माणूस नाही कसा म्हणेल? दुसऱ्या घरी टीव्हीला वायर जोडून कर्नलसाहेब दाखवले, मग त्या घरातल्यांना उभं केलं. तिसऱ्या घरी ही दोन घरं. असं करत करत शेवटच्या घरी पोचलो तेव्हा टीव्हीवर पूर्ण मंडळ दारात उभं राहून "येतोय" म्हणत होतं. बाकीचे येतायत हे कुणाला सांगायलाच लागलं नाही. आणि प्रत्येक दारात, उमेदवार या नात्याने, मी हळूच हात जोडून चौकटीत शिरायचो, आणि कॅमेऱ्यामागून तोच आवाज यायचा: "सरका ना मास्तर, माणसं दिसू द्या."

रविवारी सभागृहात उभं राहायला जागा नव्हती. मी भाषण खिशातून काढलं. तेवढ्यात कर्नलसाहेब उठले आणि म्हणाले, "मी डायरेक्टरचं नाव सुचवतो." जो उभाच नव्हता त्याच्यासाठी हातांचं रान उगवलं. मी त्या रानात एकच हात शोधत होतो. कुसुमचा, हिरव्या बांगड्यांचा. तोही वर होता.

"काऊन लाजवता बाप्पा," डायरेक्टर म्हणाला. "मी तर चाललो. आता मास्तरांले धरा. माणूस जळका आहे, पण स्कूटर चांगली चालवते." असा मी अध्यक्ष झालो. निवडून आलो म्हणणं बरं नाही, उरलो.

दसऱ्यानंतर आम्ही त्याला स्टेशनवर पोचवायला गेलो, तर गाडी हलेपर्यंत तो खिडकीतून आमचंच शूटिंग करत होता. सगळ्या कॅसेटी त्याने मंडळाला दिल्या. मी पुढे बरीच वर्षं अध्यक्ष राहिलो आणि दर निवडणुकीआधी त्याच कॅसेटी लावत राहिलो. हात माझ्या नावाने वर जायचे, पण ते कुणासाठी जातायत हे मला कळत होतं.

तो गेल्याचा फोन आला तेव्हा पंजाब केव्हाच शांत झाला होता. शोकसभा ठेवली, हार आणला, आणि हार घालायला फोटो नाही. एवढ्या कॅसेटी, एवढे गणपती, त्यात झोपलेले कर्नल आहेत, हरवलेली साडी आहे, कुणाचं तरी कुत्रंही आहे. डायरेक्टर कुठेच नाही. शेवटी टेबलावर टीव्ही ठेवून त्यालाच हार घातला आणि त्या वर्षीची दारादारांतली फिल्म लावली. कर्नलसाहेब आता नव्हते, बरीच दारंही आता दुसऱ्यांची होती. ही वेळ बोलायची म्हणून मी कागद घेऊन टीव्हीसमोर उभा राहिलो, चष्मा लावला आणि घसा साफ केला.

"सरका ना मास्तर," टीव्हीतून तो म्हणाला, "माणसं दिसू द्या."

सभागृह हसलं, मग रडलं, मग टाळ्या वाजल्या. मी इतकी वर्षं भाषणं केली, असल्या टाळ्या मला एकदाही पडल्या नाहीत. स्वतःच्या शोकसभेतही त्याने त्या मला घेऊ दिल्या नाहीत.

मी कागद खिशात ठेवला आणि बाजूला सरकलो.