पाखरीची लूत

गेनबा एकटा चालत असला तरी उजवीकडे किंचित कललेला असे. उजवा हात घोडीच्या मानेवर टाकून डोंगरवाटा तुडवण्यात त्याचं वय सरलं होतं. भोरपर्यंत मोटार येऊ लागली होती, पण वेल्ह्याकडच्या वाड्यावस्त्यांवर मीठ, गूळ, रॉकेल पोचवायचं आणि परतताना हिरडा आणायचा, तर तट्टूच लागे. पाली गावाच्या वरच्या अंगाला त्याचं खोपट होतं. कुडाच्या अलीकडे तो आणि त्याची बायको ठकुबाई, पलीकडे घोडी, पाखरी.

पाखरीची आई खिंडीत घसरून मेली, तेव्हा हे शिंगरू धड उभंही राहत नव्हतं. ठकुबाईने त्याला शेळीच्या दुधावर जगवलं. नवराबायकोला मूल नव्हतं. पाणवठ्यावरच्या बाया म्हणत, "ठकुबाय, तुजी लेक काय सासरी जायची न्हाई बग!"

"जाईल कशी? चार पायांचा जावई कुठनं आणू?" ठकुबाई हसून म्हणे.

त्या वर्षी थंडीत पाखरी कुडाला अंग घासू लागली. उवा असतील, असं गेनबाला वाटलं. थंडीत केस वाढले की तट्टांना उवा व्हायच्याच, आणि त्यांचा इलाज त्याला ठाऊक होता. त्याने तंबाखूच्या पाण्याने तिला पुसून काढलं, करंजाचं तेल चोळलं, खरारा केला. पण खराऱ्यात ऊ एकही आली नाही, केसच पुंजक्यांनी आले. मानेखाली उघडी पडलेली कातडी जाड झाली होती, करपलेल्या भाकरीसारखी.

तट्टं हाकणारा ज्ञानू लांबूनच म्हणाला, "गेनबा, ह्या उवा न्हाईत. लूत हाय ही. माज्या तट्टांजवळ बांदू नगंस बाबा."

"तुज्या तट्टांनीच दिली असंल."

"मग काय, आहेर परत करतोस व्हय?"

गेनबाला हसू आलं नाही. दुसऱ्या दिवशी तो पाखरीला घेऊन भोरला ढोरांच्या दवाखान्यात गेला. दीनानाथ डॉक्टर तरुण होते, भोरच्याच एका कारकुनाचे चिरंजीव. त्यांनी बोथट सुरीने कातडी खरवडली, तो भुगा काचेवर घेतला आणि यंत्राला डोळा लावला. मग गेनबालाही पाहू दिलं. गोल, आखूड पायांचं काहीतरी वळवळत होतं.

"उवा केसांत असतात," डॉक्टर म्हणाले. "हे किडे कातडीच्या आत बिळं करतात आणि तिथंच अंडी घालतात. केस काप. कोमट पाण्याने आणि साबणाने धू. मग तेलात गंधक खलून लाव. एका दिवशी अर्ध्याच अंगाला, सगळ्या नको. अंडी फुटली की पुन्हा लाव. आणि तिच्या अंगाला लागणारं सगळं जाळ, नाहीतर उकळ. समजलं?"

गेनबाला समजलं होतं. त्याने गवत भरलेलं खोगीर जाळलं, दावं जाळलं, खरारा उकळला. ठकुबाईने गोठ्याला चुना मारला. दोघांनी मिळून पाखरीला गंधक चोळलं. औषध झोंबलं की ती कातडी थरथरवी, पण लाथ तिने कधी उगारली नाही. शिमग्याच्या सुमारास तिच्या मानेवर मऊ लव आली. ठकुबाई त्या लवेवरून उलटा हात फिरवत राही.

नवं खोगीर शिवून गेनबा पुन्हा वाटेला लागला. आणि लूत परत आली, या खेपेला पाठीवर. पुन्हा भोर, पुन्हा गंधक, पुन्हा जाळणं. ती बरी झाली, आणि आंबे उतरायच्या दिवसांत लूत तिसऱ्यांदा उठली.

"सगळं जाळलंस ना?" डॉक्टरांनी प्रत्येक वेळी विचारलं.

"समदं, सायेब. दाव्यासकट." तो खोटं बोलत नव्हता.

आषाढात पाखरी चालेनाशी झाली. ऊन दिसत नव्हतं. तिला धुवावं तर ती गारठ्याने कापे, औषध लावावं तर कातडी चिरलेली. दिवसभर ती अंग घाशी, आणि घासायचं म्हणून चारा सोडून देई. ज्ञानूच्या एका तट्टाला खाज सुटल्यावर गावाने निरोप दिला, घोडी पाणवठ्यावर आणायची नाही. गेनबाने तिला माळावरच्या पडक्या खोपीत हलवलं आणि एकटाच पावसात भोरची वाट धरली.

दवाखान्याच्या ओसरीवर तो बसला तेव्हा डोक्यावर घोंगडीची खोळ होती. बोलता बोलता तो मनगट खाजवत होता. डॉक्टरांनी त्याचा हात धरून उजेडात नेला. बोटांच्या बेचक्यांत बारीक पुरळ होतं.

"कधीपासून?"

"गंदकानं झालं असंल, सायेब."

"रात्री काय पांघरतोस?"

"हीच की. घोंगडी."

"आणि दिवसा?"

"दिवसा खोगिराखाली घालतो आमी, चौघडी करून. तिच्या पाठीला बोचू नये म्हून."

डॉक्टरांनी खोळीचं टोक बोटांत धरून पाहिलं. गेनबा घाईने म्हणाला, "पर लोकरीला कुटं काय लागतंय? सुतकातबी आमी ही धूत न्हाई. खंडोबाची तळी हिच्यावरच भरतो. लोकरीला इटाळ नसतो, सायेब."

"विटाळ नसेल," डॉक्टर हळू म्हणाले. "किडे असतात." मग त्याचा हात सोडून म्हणाले, "मीच घोंगडीचं नाव घेऊन विचारायला हवं होतं."

त्यांनी गंधक दिलं, या वेळी माणसासाठीही. पाखरीसाठी काय करायचं असं विचारल्यावर म्हणाले, "खात असेल तर ऊन पडेपर्यंत टिकेल."

परतल्यावर गेनबाने ठकुबाईला सगळं सांगितलं. तिने देवाचं नाव काढलं नाही, भांडलीही नाही. मोठ्या हंड्यात पाणी ठेवलं, घोंगडी आत कोंबली आणि लाकडाने दाबत राहिली. खोपटभर ओल्या लोकरीचा वास कोंडला. "म्याच घालत व्हते तिच्या पाठीवर, रोज सकाळी," एवढंच ती म्हणाली, ते नवऱ्याला की स्वतःला, कळलं नाही.

गेनबा कोवळं गवत घेऊन माळावर गेला. पाखरीने गवत हुंगलं, एक काडी ओठात धरली आणि तशीच सोडली. मग खोपीच्या मेढीला टेकलेलं अंग सोडवून ती त्याच्याकडे आली आणि मान त्याच्या छातीला घासू लागली. खाजवू नकोस, खपल्या निघतात, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्याने हात मागे घेतला. तिने नाकाने त्याचा दंड ढकलला.

तो जपून, बोटांच्या टोकांनी खाजवू लागला. घोडीचे डोळे अर्धे मिटले, खालचा ओठ सुखाने थरथरला. बाहेर धुकं खाली उतरून माळ दिसेनासा झाला होता. तो थांबला की ती पुन्हा ढकली. मग तो पुन्हा खाजवी.