शेवग्याच्या पट्टीचा कोपरा

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार लेसच्या बाईंचे आहेत. आईवडिलांनी पोटाला चिमटा काढून शाळेत घातलं, ते आहेच; पण मी पदवीधर झालो तो बाईंच्या बोरिवलीच्या घरातल्या जेवणाच्या टेबलावर. त्यांचं नाव मी इथे लिहिलेलं नाही. बाईंचंच तसं म्हणणं आहे. "जिथे लागायला पाहिजे तिथे आधी लागू दे, मग तुम्ही बाकीचे छापा," असं त्या म्हणतात. ते तिथे लागलं नाही, म्हणून इथेही नाही.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी बारावी करून मुंबईत आलो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. बोरिवलीत कॉटबेसिसवर, म्हणजे कोणाच्या घरात एका खाटेपुरती, जागा शोधत फिरायचो. फोनवर जागा रिकामी असायची. दारात उभं राहून आडनाव सांगितलं की ती नेमकी कालच गेलेली असायची. बाईंनी आडनाव विचारलं नाही. दार अर्धं उघडून विचारलं, "सिगरेट ओढतोस?"

"नाही."

"मग ये. पण आधी हात धू. इथे पांढरा दोरा असतो."

बाई मूळच्या मार्व्याच्या खाडीपलीकडच्या मनोरीच्या. एका कॉन्व्हेंटमध्ये मुलींना लेस करायला शिकवण्यात त्यांची सगळी नोकरी सरली. ही लेस म्हणजे साडीला लावतात ती दुकानातली नव्हे. घट्ट भरलेली एक उशी असते, तिच्यावर बारीक भोकं पाडलेला पुठ्ठा ठेवतात, भोकांत टाचण्या खोचतात आणि बोटाएवढ्या लाकडी बॉबिनींवर गुंडाळलेले दोरे त्या टाचण्यांभोवती एकमेकांवरून फिरवत जातात. टाचण्या काढल्या की नुसती जाळी उरते. बाई माझ्याकडून जेवणाचं काही घेत नसत. त्याऐवजी मी बॉबिनी भरून द्यायच्या. भरता भरता मी करायलाही शिकलो. आधी वेणी, मग पान, मग पूर्ण पट्टी.

पान शेवग्याचं. त्यांच्या मनोरीच्या घरामागे शेवगा आहे, त्याच्या बारीक गोल पानांची ती किनार बाईंनी नोकरीत असताना स्वतःच्या मनाने बसवली. कॉन्व्हेंटने ती चर्चमधल्या आल्टरच्या कापडांना लावली, पाहुण्यांना भेट दिली, देणगीदारांना पाठवली. खाली बाईंचं नाव कधीच नव्हतं, आणि बाईंनी तेव्हा मागितलंही नव्हतं. पुढे कोणीतरी त्यांना परदेशातलं एक नमुन्यांचं पुस्तक आणून दिलं. त्यात ती पट्टी होती. खाली लिहिलेलं होतं: मिशनरी नमुना, भारत, करणारा अज्ञात.

बाईंनी त्या ओळीवर बोट ठेवलं. मग मला म्हणाल्या, "अज्ञात काय रे. मी इथेच तर आहे."

तेव्हापासून त्यांना एवढीच एक गोष्ट हवी होती. त्या पुस्तकात नाव. दुसरं काही नाही.

ते पुस्तक ज्या लेस करणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय मेळाव्याच्या संग्रहातून निघतं, त्या मेळाव्याला मी पत्र लिहिलं. नमुना कोणाचा याबद्दल दावा असेल तर प्रत्यक्ष येऊन समितीपुढे मांडावा, असं त्यांचं उत्तर आलं. बाईंचे गुडघे गेलेले, कान गेलेले. त्या तोवर बोरिवलीचं घर सोडून मनोरीला परतल्या होत्या. जायचं मीच ठरलं.

अंधेरीच्या ऑफिसात रजेचा अर्ज दिला तर शेजारच्या टेबलावरचा मित्र म्हणाला, "लेस? म्हणजे बायकांची लेस?"

"हो."

"युरोपला जाऊन विणकाम करणार तू. झकास. येताना आमच्या हिच्या पेटीकोटला दोन मीटर आण."

"तुझ्या मापाची आणतो ना."

त्याची चेष्टा मला लागली नाही. व्हिसाच्या खिडकीवर मात्र तोच प्रश्न हसण्यावारी न नेता विचारला गेला. पुरुष माणूस लेसच्या मेळाव्याला कशाला जाईल, हे मला कागदांनी सिद्ध करावं लागलं.

निघण्याआधी मी मार्व्याहून बोटीने मनोरीला गेलो. बाईंनी पट्टी जुन्या मलमलीत गुंडाळून ठेवली होती. म्हणाल्या, "त्यांना कोपरा दाखव. कोपरा त्यांच्या बापाकडे नाही."

कोपऱ्याचं असं होतं. सरळ पट्टी कोणीही नमुना बघून करू शकतं. पण रुमालाला किंवा टेबलक्लॉथला लावायची तर ती कोपऱ्यात वळवावी लागते. कॉन्व्हेंटमधल्या मुली तिथे पट्टी कापून शिवायच्या. बाईंनी निवृत्तीनंतर, त्याच जेवणाच्या टेबलावर, माझ्यासमोर, न कापता वळणारा कोपरा बसवला: शेवटचं पान अर्ध्यात थांबतं, त्याचे दोरे पुढच्या बाजूच्या पहिल्या पानात जातात. तो कॉन्व्हेंटमध्ये कधी पोचलाच नाही. तो फक्त बाईंकडे होता आणि माझ्याकडे.

मेळावा एका लहान, स्वच्छ गावात होता. सगळे माझ्याशी इतके चांगले वागले की मला राग धरायला जागा मिळेना. गळ्यात बिल्ला घातला, केक दिला, एक बाई म्हणाली, तुम्हा लोकांकडे किती संयम असतो. मी थँक यू म्हणालो. मला लहानपणापासून सवय आहे. जो मला दारातच उभं ठेवतो त्यालाही मी थँक यू म्हणतो.

समितीच्या अध्यक्ष वयस्क होत्या. त्यांनी पट्टी भिंगाखाली नीट पाहिली आणि विचारलं, "मूळ रेखाटन आहे?"

नव्हतं. असणार कुठून? बाई कागदावर कधी काढतच नाहीत. सुई घेऊन थेट पुठ्ठ्यावर भोकं पाडतात. पुठ्ठा झिजला की खाली नवा ठेवून जुन्याच भोकांतून टोचतात आणि जुना चुलीत घालतात. दोन पुठ्ठे घरात राहिले तर कोणीतरी झिजलेला उचलतं आणि पट्टी वाकडी येते, म्हणून जाळायचाच, हा त्यांचा कडक नियम. मुलींनाही त्यांनी तेच शिकवलं. म्हणजे बाईंनी आयुष्यभर चांगलं काम केलं आणि चांगल्या कामाच्या रीतीनेच पुरावा जाळत गेल्या.

मी हे समजावून सांगितलं. अध्यक्षबाई म्हणाल्या, "पद्धत सुंदर आहे. पण आम्हाला कागद लागतो."

"कोपरा बघा," मी म्हणालो. "हा तुमच्या पुस्तकात नाही. ज्यांनी पट्टी बसवली त्यांनीच तो बसवलाय."

त्यांनी मला दालनाच्या मधोमध उशी दिली. मी दुपारभर कोपरा केला. भोवती गर्दी जमली, फोन वर झाले, शेवटचा दोरा आत गेला तेव्हा टाळ्या पडल्या. मला वाटलं, झालं काम. मनोरीला काय सांगायचं ते मी मनात जुळवायलाही लागलो.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर एक जादा वर्ग लिहिलेला होता: भारतीय कोपरा. शिकवणारी तीच, मला केक देणारी. मला बघून तिने हाक मारली आणि विचारलं, "इथला पीळ बरोबर आहे ना?" बरोबर नव्हता. मी वाकलो आणि तिला दुरुस्त करून दाखवलं. ती म्हणाली, तुम्ही फार उदार आहात. मी पुन्हा थँक यू म्हणालो. हे मला रात्री-अपरात्री आठवत नाही, अजूनही दिवसाढवळ्या आठवतं, ऑफिसात, फाईल उघडताना.

संध्याकाळी समितीने निर्णय सांगितला. कोपरा येणं म्हणजे कौशल्य, कर्तेपण नव्हे. पट्टी होती तशीच अज्ञाताच्या नावावर राहील. कोपरा मात्र नवा आहे, तो ते संग्रहात घेणार. त्यावर पुढे काय झालं ते मी बाईंना पत्रातच कळवलं. फोनवर त्यांना ऐकू येत नाही, आणि समोर बसून ओरडून सांगायची ही गोष्ट नव्हती. परत आल्यावर बोरिवलीतल्या माझ्या बिऱ्हाडातून पाठवलेलं ते पत्र असं:

आदरणीय बाई,

नाव लागलं नाही. हे पहिल्याच ओळीत लिहितो, म्हणजे तुम्हाला पुढचं वाचताना आशा ठेवायला नको.

कोपरा त्यांनी घेतला. तुम्ही दाखव म्हणालात, मी दाखवला, आणि दाखवल्यामुळेच तो गेला. आता तिकडच्या बायका तो करतील आणि बरोबर करतील, कारण त्यांची चूक मीच दुरुस्त केली.

त्यांचा एक नियम आहे. मेळाव्यात जो माणूस काम प्रत्यक्ष करून दाखवतो, त्याच्या नावावर ते लिहिता येतं. म्हणून ते म्हणाले, तुमचं नाव लिहितो. म्हणजे माझं. मी म्हणालो, मी शिकलेला आहे, बसवणारा नाही, बसवणारीचं लिहा. ते म्हणाले, त्या इथे आलेल्या नाहीत. मी म्हणालो, मग माझंही नको. त्यांनी खांदे उडवले आणि कोपऱ्याखालीसुद्धा अज्ञात लिहिलं.

घरी ही म्हणाली, वेडे आहात, तुमचं लागलं असतं तर निदान त्याखाली बाईंचं सांगायला तोंड राहिलं असतं. असेलही. विमानात मी हाच विचार करत होतो. पण तुमचं काम आपलं म्हणून पुढे करणं, कॉन्व्हेंटने तेच केलं होतं, आणि त्यांच्यापेक्षा मी तुमचं जास्त खाल्लं आहे.

पट्टी ते संग्रहाला मागत होते. दिली नाही. मलमलीसकट रविवारी घेऊन येतो.

मी चुकलो असं वाटत असेल तर तोंडावर सांगा, शिव्या द्या. फक्त "जाऊ दे रे" म्हणू नका. तेवढं माझ्याच्याने ऐकवणार नाही.